विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वीची खेळण्यातली इंजिने आजही दुरुस्त कशी होतात? ती बनवणारे फ्रँक हॉर्नबी कोण होते?

ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकातली खेळण्यातली रेल्वे इंजिने आजही विकत घेतली जातात. ती उघडली जातात, साफ केली जातात, काही वेळा नव्याने रंगवली जातात आणि पुन्हा विकली जातात. यातली असंख्य इंजिने लिव्हरपूलच्या एकाच कारखान्यातली आहेत आणि त्यांच्यावर ‘हॉर्नबी’ हे नाव असते. हे नाव ज्यांचे, ते फ्रँक हॉर्नबी अभियंते नव्हते. वयाच्या चाळिशीपर्यंत ते एका मांस आयातदाराकडे हिशेब लिहीत होते.

हॉर्नबी यांचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील जॉन हॉर्नबी यांचा किराणा आणि खाद्यपदार्थांचा व्यापार होता. फ्रँक यांनी १६ व्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्या दुकानात रोखपाल म्हणून काम सुरू केले. १८८७ मध्ये त्यांनी क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी विवाह केला. त्यांना रोलँड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी झाली.

१८९९ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि व्यवसाय बंद पडला. संसार अंगावर असलेल्या हॉर्नबी यांनी डेव्हिड एलियट या मांस आयातदाराकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. संध्याकाळी घरी आल्यावर ते मुलांसाठी पत्र्याची खेळणी बनवत. अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते, पण हातांना कामाची आवड होती.

त्यांची मूळ कल्पना काय होती?

हॉर्नबी मुलांसाठी पूल, गाडे आणि क्रेन करत. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापावे लागत. एक खेळणे जुने झाले की त्याचे भाग दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नसत. सगळे भाग एकाच मापाचे असतील तर आजची क्रेन उद्या पूल होऊ शकेल, हे त्यांच्या लक्षात आले.

त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना ठरावीक अंतराने, दर अर्ध्या इंचावर, भोके पाडली. त्या भोकांतून नट-बोल्टने पट्ट्या जोडता येत. त्याच भोकांतून दांडा घातला की चाकाचा आस तयार होत असे. कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येई, कारण अंतर सगळीकडे सारखेच होते. आज कारखान्यात ‘अदलाबदल करता येणारे सुटे भाग’ हा नियम गृहीत धरला जातो. तोच नियम हॉर्नबी यांनी मुलांच्या खेळात आणला.

पेटंटसाठी पैसे कुठून आले?

जानेवारी १९०१ मध्ये हॉर्नबी यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे पाच पौंड त्यांच्याकडे नव्हते. ते त्यांनी मालक एलियट यांच्याकडून उसने घेतले. एलियट यांनी कार्यालयाशेजारची जागाही दिली आणि दोघांची भागीदारी सुरू झाली.

१९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिले संच बाजारात आले. किंमत होती साडेसात शिलिंग. संचात १६ प्रकारचे भाग आणि १२ नमुन्यांची माहितीपुस्तिका होती. हे खेळणे शिकवतेही, हे पालकांना पटवून देणे गरजेचे होते. लिव्हरपूल विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी संचाची शिफारस केली, त्याचा उपयोग झाला. तरीही किरकोळ का होईना, पहिला नफा दिसायला १९०६ साल उजाडले. तोवर नोकरी आणि खेळणी अशी दोन्ही कामे सुरूच होती.

‘मेकॅनो’ हे नाव केव्हा आले?

१९०७ मध्ये मागणी इतकी वाढली की बाहेरून भाग करून देणाऱ्यांना ती पुरवता येईना. भाग वेळेवर मिळत नाहीत, तर ते स्वतःच बनवायला हवेत, असे हॉर्नबी यांनी ठरवले. ४४ व्या वर्षी त्यांनी पगाराची नोकरी सोडली आणि ड्यूक स्ट्रीटवर जागा घेऊन स्वतः उत्पादन सुरू केले. त्याच वर्षी ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले गेले. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा एलियट यांनी नव्या कंपनीत न येण्याचा निर्णय घेतला. पुढची सगळी जोखीम, आणि पुढचा सगळा नफा, हॉर्नबी यांच्याकडे राहिला.

विक्रीची पद्धतही विचारपूर्वक आखलेली होती. संचांना क्रमांक होते. लहान संच घेतलेल्या मुलाला पुरवणी संच घेऊन पुढचा क्रमांक गाठता येत असे. आधी घेतलेला एकही भाग वाया जात नसे. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझीन’ सुरू झाले.

ते खेळण्यातल्या रेल्वेकडे कसे वळले?

पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यातल्या रेल्वेच्या बाजारावर जर्मन कंपन्यांचे वर्चस्व होते. मार्कलिन आणि न्यूरेंबर्गची बिंग या त्यांतल्या मोठ्या. ब्रिटिश रेल्वेच्या रंगांतली इंजिनेही जर्मनीत बनून ब्रिटनमध्ये विकली जात. युद्धाने हा पुरवठा तोडला. युद्ध संपल्यावरही जर्मन मालाबद्दल ग्राहकांच्या मनात राग होता. ही पोकळी हॉर्नबी यांनी हेरली आणि १९२० मध्ये पहिली ‘हॉर्नबी ट्रेन’ बाजारात आणली.

ती चावीवर चालणारी होती. तिचे गेज ‘ओ’, म्हणजे दोन रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर. सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे इंजिन मेकॅनोसारखेच नट-बोल्टने जोडलेले होते. पेचकस आणि पाना घेऊन मूल ते पूर्ण उघडू शकत असे आणि परत जोडू शकत असे. भाग मोडला तर तेवढाच नवा मिळत असे. कारखान्यात दुरुस्तीची सोयही होती.

साधारण १९३० च्या सुमारास ही रचना बदलली. नट-बोल्टऐवजी पत्र्याला छोट्या पाकळ्या ठेवून त्या खाचेतून घालून दुमडण्याची पद्धत आली. त्यामुळे इंजिने अधिक सुबक दिसू लागली, पण उघडायला अवघड झाली.

इंजिनांच्या रंगाला इतके महत्त्व का?

त्या काळी ब्रिटनमध्ये खासगी रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला होता. १ जानेवारी १९२३ रोजी सुमारे १२० कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत विलीनीकरण झाले. हॉर्नबी यांच्या कारखान्यालाही रंग आणि अक्षरे बदलावी लागली. त्यामुळे इंजिनावरची आद्याक्षरे आणि रंगाची छटा पाहून ते साधारण कोणत्या काळातले, हे आज ओळखता येते. रंग खरवडला की ही ओळखही पुसली जाते. पुढे येणाऱ्या वादाचे मूळ इथे आहे.

हॉर्नबी यांचा अखेरचा काळ कसा होता?

१९२५ मध्ये विजेवर चालणारी पहिली हॉर्नबी ट्रेन आली. १९३० च्या दशकात रेल्वेच्या देखाव्यासाठी बनवलेल्या छोट्या मोटारींतून ‘डिंकी टॉइज’ ही मालिका जन्मली. एकाच माणसाच्या कारखान्यातून मेकॅनो, हॉर्नबी ट्रेन आणि डिंकी अशी तीन नावे जगभर पोहोचली. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी गणिती समीकरणे सोडवणाऱ्या यंत्राचे प्रारूप मेकॅनोच्या भागांतून उभे केले.

हॉर्नबी १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार झाले. १९३५ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. हृदयविकार आणि मधुमेहाने प्रकृती ढासळली होती. २१ सप्टेंबर १९३६ रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मुलगा रोलँड कंपनीचा अध्यक्ष झाला.

त्यांच्यानंतर कंपनीचे काय झाले?

१९३८ मध्ये अर्ध्या आकाराची ‘हॉर्नबी डब्लो’ ही रेल्वे आली. तिच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटरचे अंतर होते. ती लहान घरांतही मावत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे भरभराट राहिली. पण प्लास्टिकची स्वस्त खेळणी आली, मुलांची आवड बदलली आणि पत्रा-धातूची महागडी उत्पादने मागे पडली. १९६४ मध्ये कंपनी प्रतिस्पर्धी लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सही कोसळली. मेकॅनो आणि हॉर्नबी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला आणि तिथल्या कामगारांचा रोजगार गेला. हॉर्नबी हे रेल्वेचे नाव मात्र आजही टिकून आहे.

भारताशी याचा संबंध काय?

भारतात भोकांच्या पट्ट्या आणि नट-बोल्टच्या कोणत्याही खेळाला ‘मेकॅनो’च म्हटले जाऊ लागले. डिंकीच्या मोटारींचे काही जुने साचे १९६० च्या दशकात कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघाल्या. छोट्या रेल्वेचे वेड महाराष्ट्रातही आहे. पुण्यात कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय त्याची साक्ष देते.

जुने इंजिन दुरुस्त करताना काय करावे लागते?

१९२० च्या दशकातले नट-बोल्टचे इंजिन तुलनेने सोपे. ते उघडून चावीच्या यंत्रातले गोठलेले जुने तेल धुवून काढावे लागते. मग हलके तेल अगदी थोडे सोडले की बऱ्याचदा यंत्र फिरू लागते. स्प्रिंग ताणलेली असताना यंत्र उघडणे मात्र धोक्याचे. ती सुटली तर हात कापू शकते. आधी चावी पूर्ण उतरवायची, हा पहिला नियम.

दुमडलेल्या पाकळ्यांचे इंजिन उघडताना हात आणखी जपावा लागतो. धातू वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला की तो थकतो आणि तुटतो. पाकळी एकदा तुटली की डाग देऊन जोडणे हाच मार्ग उरतो.

खरी डोकेदुखी चाकांची. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्धी अगदी थोड्या राहिल्या, तरी काही दशकांनी धातूच्या कणांच्या सीमेवर आतून गंज सुरू होतो. दमट हवेत तो वाढतो. चाक फुगते, तडकते आणि हातात चुरा होतो. याला उपाय नाही. जुने चाक काढून नवे ओतीव चाक बसवावे लागते.

विजेच्या इंजिनांबाबत वेगळा इशारा आहे. १९२५ च्या सुरुवातीच्या काही संचांत घरातल्या वीजपुरवठ्यातूनच, मध्ये रोध म्हणून दिवा ठेवून, रुळांना वीज दिली जात असे. असे संच मूळ पद्धतीने जोडून चालवणे जिवावर बेतू शकते. ते कपाटात ठेवण्यासाठीच योग्य.

रंग नव्याने द्यावा की नाही?

या धंद्यातला सर्वात मोठा वाद हाच आहे. मूळ रंग टवके उडालेला, पिवळट झालेला असला तरी संग्राहक सहसा त्यालाच जास्त किंमत देतात. कारखान्याच्या मूळ रंगावरूनच इंजिनाचे वय आणि अस्सलपणा ठरतो. ताजा, चकचकीत रंग डोळ्यांना आवडतो, पण किंमत बहुधा खाली आणतो.

मात्र रंग जवळपास गेलेला असेल, पत्र्याला गंज लागला असेल, किंवा आधीच कुणी घरगुती ब्रशने रंग फासला असेल, तर पुन्हा रंगवणे योग्य ठरते. गंज काढायचा, अस्तर द्यायचे, काळाला साजेशी छटा निवडायची आणि अक्षरांसाठी नव्याने छापलेले ट्रान्सफर लावायचे, असा क्रम असतो.

विकताना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते : काय मूळ आहे आणि काय नवे. नवी चाके, नवा रंग, दुसऱ्या इंजिनाचे काढून बसवलेले यंत्र, हे सगळे चालते. लपवले तर ती फसवणूक. घेणाऱ्यानेही इंजिनाचा तळ आणि आतली बाजू पाहावी. नव्याने रंगवलेल्या इंजिनात जुन्या रंगाचे अवशेष बहुधा तिथेच सापडतात. यंत्र मोकळे फिरते का, चाकांवर बारीक तडे आहेत का, बोल्टच्या डोक्यांवर पेचकसाच्या नव्या खुणा आहेत का, हे तपासून मगच पैसे द्यावेत.