टिळकांची नऊ वर्षं

आजचं वाचन: 1 तीमथ्य 3:1-13



मंडळीतल्या सेवकांबद्दल लिहिताना पौल दहाव्या वचनात एक साधी अट घालतो. माणसाला आधी पारखून घ्या, मग काम सोपवा. हे वचन मी कितीतरी वेळा वाचलंय आणि दरवेळी पुढे गेलोय, कारण ते दुसऱ्या कुणासाठी असावं असं वाटायचं.

गेल्या रविवारी माझी सेमिनरीची इंटर्नशिप संपली. वर्षभर दर शनिवार-रविवार इथे एकलहऱ्यात छोट्या मंडळीबरोबर काम केलं. उपदेश, संडे स्कूल, घरभेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, सगळं आमच्या पाळकसाहेबांच्या देखरेखीखाली. मी बोलायला उभा राहिलो की ते शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायचे. सहा महिन्यांनी त्यांनी फॉर्म भरला. उपदेश चांगला, तयारी चांगली, पण आजाऱ्याच्या खाटेशी बसल्यावर हा ऐकत कमी आणि बोलत जास्त, असा शेरा होता. बारा वर्षं मी कोड लिहितोय, रिव्ह्यूमध्ये लोक काय काय लिहितात, मला काही वाटत नाही. हा शेरा मात्र दोन दिवस टोचत राहिला. पाळकसाहेबांनी समजूत वगैरे घातली नाही. रेव्हरंड टिळकांचं चरित्र परत वाच आणि या वेळी फक्त वर्षं मोज, एवढंच सांगितलं.

म्हणून मोजली.

नारायण वामन टिळक 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मले. आई लवकर गेली, वडिलांचा स्वभाव कडक, आणि मुलगा शिकायला नाशिकला आला. गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, इंग्रजी शाळेतही थोडा गेला. 1880 मध्ये लग्न झालं ते जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंशी. जलालपूर नाशिकच्या वरच्या अंगाला गोदावरीकाठी आहे. तीच गोदावरी शहर ओलांडून खाली आमच्या वीज केंद्राच्या चिमण्यांजवळून जाते. रविवारच्या उपासनेत आम्ही टिळकांची गीतं गातो, पण त्यांचं सासर याच नदीवर आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढची पंधरा वर्षं नुसती धरसोड. कुठे शिक्षक, कुठे छापखान्यात, कुठे कीर्तन-पुराण. मधेच घर सोडून निघून जायचे, बायकोला पत्ता नसायचा. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवलं. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलता बोलता त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. त्याचं नाव टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तय 5 ते 7 पाशी, अडकले. देशाला जो धर्म हवा असं त्यांना वाटत होतं, तो तिथे सापडला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याकडून नाही, आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून.

आता मोजायला सुरुवात इथून. कवी म्हणून नाव झालेलं, संस्कृत पंडित, वक्ता, वय तेहतीस. आजच्या काळात अशा माणसाला पुढच्याच रविवारी स्टेजवर उभं केलं असतं. टिळक गेले अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला. तिथे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांची सेमिनरी होती. तिच्यात ते शिकवत होते आणि स्वतः ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकतही होते. पाळकपदाची दीक्षा मिळाली 1904 मध्ये. मधे गेली नऊ वर्षं! मी एका वर्षाला कंटाळलो होतो.

पण या नऊ वर्षांत वर्गात काय झालं यापेक्षा घरी काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाप्तिस्म्याने घर फुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, पण धर्म बदलायला नव्हे. ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, सोवळं सांभाळलं. टिळक ते चालू देत. व्यासपीठावरून शेकडोंना समजावणारा माणूस घरात मात्र वाट बघत होता. जातीचा प्रश्न बाईंनी स्वतःच्या मनात स्वतःच सोडवला, आणि नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. फॉर्ममध्ये ‘ऐकणे’ असा रकाना असता तर या वर्षांत टिळकांना मी चांगले मार्क दिले असते.

सगळ्याच रकान्यांत नाही. पौल याच अध्यायात म्हणतो की ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार. इथे टिळक सरळ नापास. पैसा हातात टिकायचा नाही. घेऊन निघाले एका कामाला की भलत्याच कामात खर्च करून परत. दारात आलेल्या कुणालाही ठेवून घेत, आणि त्यांच्या जेवणाचं काय याचं गणित स्वयंपाकघरात बसायचं. बालकवी ठोमरेसुद्धा नगरला त्यांच्या घरी राहिले. पाहुण्यांच्या यादीत असा कवी आला म्हणून आपण आज कौतुक करतो, पण तेव्हा भाकरी थापणारी एकच होती. हे सगळं आपल्याला माहीत आहे ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. टिळकांचे पर्यवेक्षक कागदोपत्री कुणीही असोत, खरा अहवाल या बाईंनी लिहिलाय. हसत लिहिलाय, प्रेमाने लिहिलाय आणि एकही चूक झाकलेली नाही.

दीक्षेनंतरचं थोडक्यात सांगतो. 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. भजनं, अभंग लिहिणं चालूच होतं, ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं होतं. आणि 1917 मध्ये, ज्या मिशनने त्यांना पारखून घेतलं त्याच मिशनचा पगार त्यांनी सोडला. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. भांडून गेले नाहीत, ‘ज्ञानोदय’चं कामही सुटलं नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या बाईंनी!

पाळकसाहेबांच्या शेऱ्यानंतर मी भेटीला जाताना वही घरी ठेवू लागलो. कॉलनीजवळ एक आजोबा आहेत, अर्धांगवायूने वाचा गेलेली. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वीस मिनिटं बोललो होतो. नंतरच्या एका भेटीत काहीच बोललो नाही, तर निघताना त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. किती वेळ ते मोजलं नाही.

आता शेवटचा फॉर्म आलाय. पाळकसाहेबांनी त्यांचा भाग भरून सही केली. खाली मी लिहायचंय की दीक्षेसाठी नाव यंदा पाठवायचं की आणखी एक वर्ष काम करायचं. टिळकांचं वाचून मी आवेशात एक वर्ष वाढवायला निघालो होतो. मग लक्षात आलं, बायकोला विचारलंच नाही. त्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही. रात्री जेवताना विचारलं. तिने उत्तर द्यायच्या आधी वर्षभरातले शनिवार मोजले, त्यातले मुलीच्या तापाचे दोन वेगळे काढले, आणि विचार करून सांगते म्हणाली.

फॉर्म टेबलावर आहे. मी वाट बघतोय.

उद्याचं वाचन: 1 तीमथ्य 4.