फ्रिट्झ झ्विकी

फ्रिट्झ झ्विकी (१४ फेब्रुवारी, १८९८ – ८ फेब्रुवारी, १९७४) हे स्विस खगोलशास्त्रज्ञ होते. दीर्घिकांच्या समूहांमध्ये न दिसणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात असावे, असे अनुमान त्यांनी १९३३ मध्ये मांडले. विश्वाच्या महारचनेच्या आजच्या सिद्धान्तात अशा कृष्णद्रव्याला मध्यवर्ती स्थान आहे.

== जीवन ==
झ्विकी यांचा जन्म बल्गेरियातील वार्ना येथे झाला. त्यांचे वडील स्विस, तर आई चेक होती. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. झुरिच येथे उच्च शिक्षण घेतल्यावर १९२५ मध्ये ते अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत गेले. पासाडेना येथे त्यांचे निधन झाले.

== संशोधन ==
अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या कोमा दीर्घिकासमूहाचा झ्विकी यांनी अभ्यास केला. त्यातील दीर्घिकांच्या वेगांमध्ये सेकंदाला १,००० किलोमीटरहून अधिक तफावत आढळली. केवळ दृश्य द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने इतक्या वेगवान दीर्घिका एकत्र राहिल्या नसत्या. समूह केव्हाच विखुरला असता. म्हणून त्यांनी अदृश्य द्रव्याची कल्पना मांडली. त्यांनी काढलेले प्रमाण आजच्या मानाने फार मोठे होते; त्या काळी वापरात असलेला हबल स्थिरांक आजच्या सुमारे ८ पट होता, हे त्याचे एक कारण होय. या अनुमानाकडे सुमारे चार दशके फारसे लक्ष दिले गेले नाही. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन व इतरांनी सर्पिल दीर्घिकांच्या परिभ्रमणाची मोजमापे केल्यानंतर ते पुन्हा चर्चेत आले.

१९३४ मध्ये वॉल्टर बाडे यांच्यासह त्यांनी अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉन तारा निर्माण होतो, अशी कल्पना मांडली. दीर्घिका गुरुत्वीय भिंगाप्रमाणे कार्य करू शकतात, हे त्यांचे १९३७ मधील भाकीत १९७९ मध्ये खरे ठरले.

== दीर्घिकांची सूची व महारचना ==
झ्विकी व सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६८ या काळात दीर्घिका व दीर्घिकासमूहांची सहा खंडांची सूची प्रसिद्ध केली. समूहांचे महासमूह बनतात, हे मत मात्र त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या निधनानंतर याच सूचीतील दीर्घिकांची ताम्रसृती मोजून हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील संशोधकांनी नकाशे तयार केले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात प्रचंड पोकळ्या व त्यांच्या कडांवर दाटलेल्या दीर्घिका दिसल्या. आजच्या सिद्धान्तानुसार, आरंभीच्या विश्वातील घनतेचे सूक्ष्म फरक कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने वाढत गेले आणि त्यातून हे जाळे निर्माण झाले.

== सन्मान ==
१९७२ मध्ये झ्विकी यांना ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.