डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर

कार्पेथियन पर्वताच्या परिसरांत गिराल्तोव्त्से नांवाचें एक लहानसें गांव आहे. आज तें स्लोव्हाकिया देशांत मोडतें, परंतु ता. १६ जुलै १८७४ रोजीं एका यहुदी कुटुंबांत जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म तेथें झाला, त्या काळीं त्या प्रांतावर हंगेरीचा अंमल होता. जोसेफ नऊ वर्षांचा असतांना त्याचे आईबाप उदरनिर्वाहासाठीं अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क शहराच्या ज्या भागांत परदेशांतून आलेले गरीब लोक दाटीवाटीनें राहत, त्या भागांत बापानें किराण्याचें दुकान थाटलें आणि मुलगा गिऱ्हाइकांच्या घरीं सामान पोंचवूं लागला. कोणाच्या घरीं काय शिजतें, कोण रोखीनें घेतो व कोण उधारीनें, हें त्या मुलास वहीवांचून पाठ झालें असलें पाहिजे. पुढें त्याच्या हातून जें कार्य झालें त्याचा ओनामा मला तरी त्या दुकानांतच दिसतो.

सोळाव्या वर्षीं तो एंजिनियरिंग शिकण्यासाठीं सिटी कॉलेजांत गेला. परंतु एकदां एका मित्राबरोबर वैद्यकीय महाविद्यालयांतील एक व्याख्यान ऐकावयास तो सहज जाऊन बसला, आणि त्या एका व्याख्यानानें त्याचें मन पालटलें. १८९५ सालीं डॉक्टरची पदवी मिळवून त्यानें पेनसिल्व्हेनिया संस्थानांत खासगी धंदा करून पाहिला; पण त्यांत त्याचें मन रमेना. १८९९ सालीं डॉ. गोल्डबर्गर सरकारच्या वैद्यकीय खात्यांत शिरले व मरेपर्यंत तेथेंच राहिले. खलाशांची शुश्रूषा आणि बंदरांतील रोगप्रतिबंध एवढेंच काम आरंभीं या खात्याकडे असे. १९१२ पासून तें पब्लिक हेल्थ सर्व्हिस या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. जेथें सांथ उद्भवेल तेथें जावयाचें, हा तेथील शिरस्ता. पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस या तिन्ही रोगांचा शोध करतां करतां डॉक्टरसाहेबांस ते तिन्ही रोग स्वतःस होऊन गेले. १९०६ सालीं त्यांनीं मेरी फॅरर या दक्षिणेकडील ख्रिस्ती घराण्यांतील युवतीशीं विवाह केला. उभयतांचे धर्म भिन्न असल्यामुळें दोन्ही घरच्या मंडळींस तो विवाह प्रथम रुचला नाहीं. परंतु या बाईंच्या अंगचें धैर्य कोणत्या प्रतीचें होतें तें पुढें कळेलच.

आतां ज्या रोगाशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें त्याकडे वळूं. पेलाग्रा हा शब्द इटलींतला असून त्याचा अर्थ खरखरीत कातडी असा आहे. वसंत ऋतु लागला कीं, रोग्याच्या हातांवर, पायांवर व मानेभोंवतीं, जेथें जेथें ऊन लागतें तेथें, दोन्ही अंगांस सारखेच तांबडे चट्टे उठत. कातडी भाजल्यासारखी होऊन सोलून निघे. तोंड येई, जुलाब लागत, मन खिन्न होई. कित्येकांस वेड लागे आणि कित्येक मरत. १९०६ पासून १९४० पर्यंत अमेरिकेंत सुमारें तीस लक्ष लोकांस हा रोग झाला व सुमारें एक लक्ष लोक दगावले असा अंदाज आहे. हे बहुतेक लोक दक्षिणेकडील कापूस पिकविणाऱ्या संस्थानांतील होते, आणि बहुतेक गरीब होते. रोगाचें मूळ काय? दोन धनिकांच्या देणगीवर चाललेल्या एका मंडळानें १९१२ पासून दक्षिण कॅरोलायनांत शोध करून हा रोग संसर्गजन्य असावा असा अभिप्राय दिला होता. कोणी तर तो त्या त्या घराण्याच्या रक्तांतीलच दोष आहे असें म्हणत. रोग्यास शाळेंत, रुग्णालयांत, शेजाऱ्याच्या अंगणांत थारा मिळेनासा झाला.

१९१४ सालीं या शोधाची सूत्रें सरकारनें डॉ. गोल्डबर्गर यांच्या हातीं दिलीं. त्यांनीं प्रथम सूक्ष्मदर्शक यंत्र उघडलें नाहीं. ते वेड्यांच्या इस्पितळांतून, तुरुंगांतून व अनाथगृहांतून हिंडले. त्या ठिकाणीं त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली कीं, आंत राहणाऱ्यांस रोग होतो, पण त्यांच्यांतच रात्रंदिवस वावरणाऱ्या दाया, रखवालदार व नोकर यांतील एकासहि तो होत नाहीं. जंतु कांहीं नोकर कोण आणि रोगी कोण हें विचारून शिरत नाहींत! मिसिसिपी संस्थानांतील जॅक्सन शहरीं अनाथगृहांत याहूनहि नवल दिसलें. सहा वर्षांखालील मुलांस रोग नव्हता, बारा वर्षांवरील मुलांसहि बहुधा नव्हता. मधलींच मुलें आजारी. चौकशी करतां कळलें कीं, लहानांस दूध मिळे. मोठीं मुलें काम करीत म्हणून त्यांच्या वांट्यास थोडें मांस येई. आणि मधल्या मुलांस, तीं फार लहानहि नव्हेत व कामाचींहि नव्हेत म्हणून, मक्याचें पीठ, डुकराची चरबी व काकवी यांवरच दिवस काढावे लागत. ही हकीकत मीं वर्गांत सांगितली तेव्हां पांचवींतील मुलें एकदम गप्प झालीं. तीं त्याच वयाचीं होतीं.

सरकारी पैशानें त्या अनाथगृहांस दूध, अंडीं, मांस व कडधान्यें पुरविण्यांत आलीं. इमारत तीच, अंथरुणें तींच, मुलेंहि तींच. पण पुढच्या वसंतांत रोग जवळजवळ नाहींसा झाला. १९१६ सालीं त्यांपैकीं एका ठिकाणीं हा खुराक बंद होऊन जुनें जेवण सुरू झालें, आणि थोड्याच काळांत चट्टे परत दिसूं लागले. खुराक पुन्हां चालू होतांच ते गेले. शास्त्राच्या दृष्टीनें ही उत्तम साक्ष होय. पण जेवण बंद होण्याच्या त्या महिन्यांत तेथें असलेल्या मुलांच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें.

चांगल्या अन्नानें रोग जातो, मग वाईट अन्नानें तो येतो काय? हें पाहण्यासाठीं १९१५ सालीं मिसिसिपींतील रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर एक प्रयोग झाला. बारा धडधाकट कैद्यांनीं आपखुशीनें तें निकृष्ट जेवण पतकरलें आणि मोबदल्यांत गव्हर्नरानें त्यांस माफी देऊं केली. त्यांपैकीं एकास दुसऱ्या कारणानें सोडावें लागलें. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मका, तांदूळ, मैदा व काकवी असें जेवण चाललें. उरलेल्या अकरांपैकीं सहांच्या अंगावर पेलाग्रा दिसूं लागला. प्रश्नाचें उत्तर मिळालें खरें. परंतु तुरुंगाच्या दारांतून सुटण्याची लालूच ज्यास दाखविली त्याची खुशी ती खुशी म्हणावी काय, असा प्रश्न आज कोणीहि विचारील, आणि आजच्या नियमांनीं असा प्रयोग करूं दिला जाणार नाहीं. चरित्रनायकाच्या थोरवीवर मी पांघरूण घालूं इच्छीत नाहीं, तसें या गोष्टीवरहि घालूं इच्छीत नाहीं.

एवढ्यानेंहि संसर्गवादी लोकांचें समाधान होईना. तेव्हां डॉक्टरांनीं दुसऱ्याच्या देहावर नव्हे, तर स्वतःच्या देहावर प्रयोग केला. १९१६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेलाग्राच्या रोग्यांचें रक्त सुईनें आपल्या अंगांत घेतलें, रोग्यांच्या नाकाघशांतील स्राव आपल्या नाकाघशास लावला, आणि त्यांच्या कातडीचे पापुद्रे व मलमूत्र पिठांत कालवून त्याच्या गोळ्या गिळल्या. एकंदर सोळा जणांनीं हा धोका पतकरला. त्यांत पंधरा पुरुष होते व सोळावी व्यक्ति मेरी गोल्डबर्गर या होत्या. त्यांनीं रोग्याचें रक्त टोंचून घेतलें. घरीं लहान मुलें असतां ही बाई पुढें आली! कोणासहि पेलाग्रा झाला नाहीं.

इतक्यावर दुसरा एखादा शोधक थांबला असता. रोग अन्नाच्या उणिवेनें होतो हें सिद्ध झालें. लोकांनीं दूध प्यावें, मांस खावें असा उपदेश करून मोकळें व्हावें. परंतु दुकानदाराच्या मुलास पुढचा प्रश्न सुचला: मग लोक तें खात कां नाहींत? या प्रश्नासाठीं त्यांस डॉक्टर नको होता, हिशेब जाणणारा मनुष्य हवा होता. तो एडगर सिडेन्स्ट्रिकर यांच्या रूपानें मिळाला. हे गृहस्थ चीन देशांत काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याचे पुत्र. त्यांचा जन्म शांघायचा. १९३८ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पर्ल बक या त्यांच्या धाकट्या भगिनी.

१९१६ पासून या दोघांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं दक्षिण कॅरोलायनांतील कापडगिरण्यांभोंवतीं वसलेल्या खेड्यांतून घरोघर फिरून टिपणें केलीं. घरांत माणसें किती, मिळकत किती, पंधरा दिवसांत कोणतें अन्न किती आलें, गाय आहे कीं नाहीं, परसांत भाजी आहे कीं नाहीं, कोणाच्या अंगावर चट्टे आहेत. आंकडे मांडून पाहतां मिळकत जसजशी उतरत जाई तसतसा रोग चढत जाई असें दिसलें. एका पायरीचाहि अपवाद मिळणें कठीण. शिवाय मजुरी सारखी असूनहि गांवागांवांत फरक होता. ज्या गांवीं ताजें मांस वर्षभर विकावयास येई व आसपासचे शेतकरी दूधभाजी आणीत, तेथें रोग नव्हता. ज्या गांवाला चोहोंकडून नुसत्या कापसानेंच वेढलें होतें, तेथें मनुष्याच्या खिशांत पैसा असला तरी बाजारांत घेण्याजोगें कांहीं नव्हतें.

आणखी एक गोष्ट त्या टिपणांत निघाली, ती पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी. तरुण वयाच्या विवाहित स्त्रियांत हा रोग पुरुषांहून कितीतरी अधिक होता. घरांत जें थोडें मांस व दूध येई तें कमावत्या पुरुषाच्या व लेंकरांच्या ताटांत वाढून आई मागें उरलेल्या मक्यावर भागवीत असे. हें दृश्य पाहण्यासाठीं आपल्याला कॅरोलायनास जाण्याची आवश्यकता नाहीं.

हें सांगितलें पाहिजे कीं, त्या गिरण्यांत नीग्रो लोकांस फारसें काम मिळत नसे, त्यामुळें ही सारी पाहणी गोऱ्या कुटुंबांची होती. नीग्रो शेतकऱ्यांची स्थिति याहून वाईट, आणि ती सरकारी कागदांत यावयास आणखी दहा वर्षें लागलीं.

१९२० सालीं कापसाचे भाव कोसळले. भाव पडले कीं मजुरी पडणार, मजुरी पडली कीं दूध जाणार, आणि पुढच्या वसंतांत रोग वाढणार, हें गणित डॉ. गोल्डबर्गर यांनीं आधींच मांडून सरकारास इशारा दिला. १९२१ सालीं अध्यक्ष हार्डिंग यांनीं दक्षिणेस मदत करण्याचें आवाहन केलें. पण झालें भलतेंच! दक्षिणेकडील पुढाऱ्यांस व वर्तमानपत्रांस तो आपल्या प्रांताचा अपमान वाटला. आमच्याकडे भूक नाहीं, दुष्काळ नाहीं, असे खुलासे होऊं लागले. भुकेची लाज भुकेलेल्यांना नव्हती, ज्यांचीं पोटें भरलेलीं होतीं त्यांना होती.

१९२७ सालीं मिसिसिपी नदीस प्रचंड पूर आला. डॉ. गोल्डबर्गर व सिडेन्स्ट्रिकर यांनीं पूरग्रस्त प्रांतांतून प्रवास करून अहवाल लिहिला. कुत्र्यांस होणाऱ्या तशाच एका रोगावर प्रयोग करतां करतां बियर गाळण्याच्या कामीं लागणारें खमीर हें पेलाग्रावर स्वस्त औषध आहे असें त्यांस आढळलें होतें. तें रेडक्रॉसनें लोकांस वांटलें. परंतु अहवालांत त्यांनीं खमिरापाशीं विराम घेतला नाहीं. तेथील बहुतेक कुळें, गोरीं व नीग्रो दोन्हीं, वांट्यानें जमीन कसणारीं. मालक त्यांस पिकावर उधार धान्य देई व हंगाम आला कीं हिशेबांत तें कापून घेई. कापूस घराच्या उंबरठ्यापर्यंत पेरलेला. भाजीला वाफा नाहीं, गाईला चारा नाहीं. एकाच पिकाची व उधारीची ही व्यवस्था जोंवर आहे तोंवर रोग राहणार, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो त्यांनीं सरकारच्याच अहवालांत नमूद केला.

त्यानंतर त्यांस फार आयुष्य लाभलें नाहीं. मूत्रपिंडाच्या कर्करोगानें ता. १७ जानेवारी १९२९ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यांचें देहावसान झालें. वय चौपन्न. त्यांची रक्षा पोटोमॅक नदींत सोडण्यांत आली. तीस वर्षें सरकारी पगारावर काम केलेल्या या मनुष्याच्या मागें पत्नी व चार मुलें राहिलीं, आणि विधवेस निर्वाहवेतन देण्यासाठीं अमेरिकन काँग्रेसास स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या प्रयोगशाळेच्या आश्रयानें ते काम करीत तिचें नांव १९३० सालीं बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ असें ठेवण्यांत आलें. तीच संस्था पुढें वैद्यकीय संशोधनास पैसा पुरविणारी जगांतील अतिशय मोठी संस्था झाली. आरोग्यांतील विषमतेच्या अभ्यासासाठीं तिच्यांत २००० सालीं एक स्वतंत्र शाखा उघडण्यांत आली.

अन्नांतील तें उणें द्रव्य कोणतें, हें विस्कॉन्सिन येथील एल्व्हेजम यांनीं १९३७ सालीं शोधलें. तें निकोटिनिक आम्ल, ज्यास आज नायासिन म्हणतात. मक्यांत तें असतें, पण बांधलेलें असतें. मेक्सिकोंतील लोक मका चुन्याच्या पाण्यांत भिजवून शिजवितात त्यामुळें तें मोकळें होतें व त्यांस हा रोग सहसा होत नाहीं. १९४२ सालीं पिठांत हीं जीवनसत्त्वें घालण्याची सक्ति करणारा पहिला कायदा ज्या संस्थानानें केला तें दक्षिण कॅरोलायनाच होय.

आपल्या दख्खनलाहि हा रोग अपरिचित नाहीं. हैदराबाद येथील डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० च्या सुमारास तेथील गरिबांत पेलाग्राचे पुष्कळ रोगी पाहिले. ते मका खात नव्हते. ते ज्वारी खात होते. भाकरीस कोणीं दोष देऊं नये. वरण, दूध, शेंगदाणे व पाला यांच्या संगतीनें ती उत्तम अन्न आहे. पण त्या रोग्यांच्या ताटांत भाकरीजवळ दुसरें कांहीं फारसें नसे.