जमशेटजी टाटा : वारा आणि समुद्र ओळखणारा यजमान

विश्रांतीसाठी येणाऱ्या पाहुण्याचे निवासस्थान उभारताना सजावटीआधी दिशेचा विचार करावा लागतो. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी तो सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. १८७७ मध्ये नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे पोलादाच्या ध्यासाने त्यांचे लक्ष आदिलाबादला लागून पसरलेल्या चांदा जिल्ह्याकडे वळले. लोहाऱ्याचे लोहखनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांचा त्यांनी विचार केला. पण तो कोळसा कामाचा नसल्याचे दिसताच बेत बाजूला ठेवला. पारखल्यावाचून पाऊल न टाकण्याची ही वृत्ती त्यांच्या हॉटेलातही उतरली.

१८९६ च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती. अशा वेळी अपोलो बंदरावर स्वतःच्या पैशाने भव्य हॉटेल बांधण्याचे त्यांनी ठरवले. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुविशारदांचा होता. वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले.

इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने प्राण दिला, ही दंतकथा आजही सांगितली जाते. तिला आधार नाही. दोन बाजूंचे पंख पश्चिमेकडे उघडे ठेवले होते. त्यामुळे दुपारचा वारा आत येई आणि शहरातून येणाऱ्या गाड्याही त्याच बाजूच्या बागेत थांबत. समुद्राकडील बाजू वर्दळीपासून मुक्त राहून पाहुण्यांच्या खोल्यांना मिळाली. मधोमध घुमटाखाली जिना होता. विजेचे दिवे आणि लिफ्ट यांचीही सोय होती. सामानाच्या निवडीसाठी जमशेटजी स्वतः युरोपात फिरले.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ‘ताजमहाल’चे दरवाजे उघडले. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. हॉटेलचा बहर त्यांना पाहता आला नाही. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ मध्ये पूर्ण झाले.

कालांतराने मुख्य दार समुद्राकडे आले आणि बागेच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. मूळ मांडणी विस्मरणात गेली, तशी चुकीची कथा रुजली. भारतीय वास्तुविशारदांच्या विचारपूर्वक केलेल्या कामावर तिने विनाकारण ठपका ठेवला. तो पुसला जाणे, हेच वैद्य-मिर्झांचे आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या जमशेटजींचे खरे स्मरण होय.