गोळेश्वरचे खाशाबा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे लहानसे गाव आहे. तेथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. तेव्हा तालमीची माती खाशाबांच्या अंगाला बालपणीच लागली.

1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. तेथील कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर होत असे. 1952 साली हेलसिंकीस जावयाचे, तर प्रवासासाठी पैसा कोठून आणावा? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! गावकऱ्यांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण पदकाने ऋण फिटले, असे खाशाबांनी मानले नाही. कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असता गुडघ्यास जबर दुखापत झाली आणि ती वाट बंद झाली.

खाशाबांच्या हयातीतच, शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावच्या मुरलीकांत पेटकरांनी दुसरीच वाट काढली. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाचे पाय निकामी झाले होते. 1972 साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

14 ऑगस्ट 1984 रोजी खाशाबांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो 2000 साली, मरणोत्तर.