आचार्य विनोबा भावे : युद्धाला नकार देणारे अहिंसाव्रती

हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि तिला अनुमोदन देणे, या तिन्हींचा त्याग जैन आचारधर्मात सांगितला आहे. त्यांपैकी अनुमोदनाचा त्याग आचरणास विशेष कठीण. राजसत्तेसमोर तो निर्भयपणे आचरून दाखविणारे महापुरुष म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरून काशीला गेले आणि त्याच वर्षी महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. भारतीयांचे मत न घेताच व्हाइसरॉयांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे घोषित केले. इंग्लंडमध्ये तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. येशूची शिकवण प्रमाण मानून शस्त्र धरण्यास नकार देणारे क्वेकरपंथीय व इतर ख्रिस्ती तेथे होते. अशांचे म्हणणे ऐकण्यासाठी कायद्याने न्यायाधिकरणे नेमली होती आणि सुमारे ६० हजार जणांनी आपला नकार नोंदविला. हिंदुस्थानात भारतीयांवर भरतीची सक्ती नव्हती. परंतु युद्धाविरुद्ध प्रचार करणे हा गुन्हा होता. म्हणून येथे नकार वाणीनेच द्यावा लागला.

त्यासाठी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाची योजना आखली आणि पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धाला माणसे व पैसा न देण्याचे आवाहन केले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटकेनंतर त्यांनी पुन्हा सत्याग्रह करून पुन्हा कारावास पत्करला. लढणारा हात आणि द्रव्य पुरविणारा हात, दोघांवरही त्यांनी सारखीच जबाबदारी ठेवली. व्यापारी समाजाने ही गोष्ट सदैव ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९५१ मध्ये त्यांनी भूदान चळवळ सुरू केली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७४ मध्ये, त्यांच्याच प्रेरणेने जैन धर्माच्या सर्व संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला. अखेरच्या आजारात अन्न, पाणी व औषध वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, त्यांनी शांतपणे देह ठेवला. सल्लेखनेची परंपरा जाणणाऱ्या समाजाला त्या अंताचे मोल वेगळे सांगावयास नको.

अनुमोदनाचाही त्याग करणाऱ्या या अहिंसाव्रतीच्या स्मृतीस विनम्र वंदन.