भिरंड लिहून ठेवणारा वैद्य

पणजीला चर्चजवळच्या बागेत आपल्यापैकी पुष्कळ जण बसची वेळ होईपर्यंत बसलेले असतील. त्या बागेला गार्सिया द ऑर्ता याचं नाव आहे. हा माणूस कोण, ते थोडक्यात सांगते.

ऑर्ता पोर्तुगालचा. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालात त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. मुलगा वैद्यक शिकला, लिस्बनला शिकवू लागला आणि १५३४ साली मार्तिम अफोंसो द सोझा याचा वैद्य म्हणून गोव्यात आला. मरेपर्यंत तो इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याची ऊठबस होती.

तेव्हाचे युरोपातले वैद्य जुन्या ग्रीक ग्रंथांवर चालायचे. इथली कितीतरी झाडं त्या ग्रंथांत नव्हतीच, आणि होती ती ऐकीव. ऑर्ताने सरळ इथल्या माणसांना विचारायला सुरुवात केली. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचं तो ऐकायचा, व्यापाऱ्यांकडून माहिती काढायचा, पाला-फळं घरी मागवून स्वतः बघायचा.

१५६३ साली त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. सगळं पुस्तक म्हणजे दोन वैद्यांच्या गप्पा: एक ऑर्ता स्वतः, दुसरा युरोपातून नवा आलेला रुआनो. आंबा, फणस, कडूनिंब, जुलाबावरचा कुडा, सगळं त्यात आहे. आपली भिरंडसुद्धा आहे, आणि ती इथल्याच नावाने आहे. नाव पोर्तुगीज जिभेवर थोडं वाकलं, पण बदललं नाय. चार वर्षांत क्लुसियसने पुस्तक लॅटिनमध्ये आणलं आणि ही झाडं युरोपभर माहीत झाली.

पुढचं सांगायला जड जातं, पण ख्रिस्ती कॉलेजच्या अंकात ते लपवून चालणार नाही. ऑर्ता १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून इन्क्विझिशनने जिवंत जाळलं. १५८० साली त्याच आरोपावरून ऑर्ताची हाडं थडग्यातून काढून जाळली. पुस्तक मात्र राहिलं.

माझं गाव मोपा. ऑर्ताच्या काळी पेडणे पोर्तुगिजांकडे नव्हतं, पण तो लिहितो ती भिरंड आणि कुडा आमच्याकडचीच. सड्यावर आता विमानतळ झाला. सड्यावरचं रान कमी झालं की आधी तिथे जाणं थांबतं, मग नावं जातात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती अजून तोंडपाठ आहेत. ऑर्ताने केलं तेवढंच करायचं आहे: जायचं, विचारायचं, झाड डोळ्यांनी बघायचं आणि सांगणाऱ्याचाच शब्द वहीत लिहायचा. पावसाळ्यात कुणाला यायचं असेल तर सांगा, मी आहे.